कडक भाकरी आणि कवळ्या मेथीचं सीझर सॅलड

सीझर सॅलड घरी करायचं म्हटलं की पहिल्यांदा गाडं अडतंय ते सामानावर. रेसिपी उघडली की रोमेन लेट्यूस, पार्मेझान, अँकोव्ही, ऑलिव्ह ऑईल, वूस्टरशायर सॉस अशी यादी येते, तिचा हिशोब केला की वाटतं त्यापेक्षा बाहेर जाऊन खाल्लेलं बरं. पण एकदा आपल्या बेळगावकडच्या लिंगायत खानावळीतलं ताट डोळ्यासमोर आणा, कच्ची मेथी, कांद्याची पात, मुळा, वाटीत दही, बाजूला शेंगाची चटणी आणि वर कडक भाकरी. म्हणजे कच्चा पाला, आंबट, लसणाचं खमंग आणि कुरकुरीत, निम्मं सीझर सॅलड तिथंच मांडलेलं असतंय, फक्त ते एका भांड्यात कुणी एकत्र केलेलं नसतं. आज तेच करायचं आहे.

आधी मूळ पदार्थाबद्दल थोडं, कारण बदल करायचा तर काय बदलतोय ते माहीत पाहिजे की. ह्यातला सीझर म्हणजे रोमचा ज्युलियस सीझर नव्हे. सीझर कार्डिनी नावाचा इटलीहून आलेला हॉटेलवाला होता, त्याचं हॉटेल मेक्सिकोत तिहुआना गावात, अगदी अमेरिकेच्या बॉर्डरला लागून. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती, त्यामुळे तिकडची मंडळी बॉर्डर ओलांडून तिहुआनात यायची, प्यायची, जेवायची (आपल्याकडचे लोक चोर्ला घाट उतरून गोव्याला कशाला जातात ते वेगळं सांगायला नको). १९२४ च्या ४ जुलैला गर्दी वाढली, किचनमधलं सामान संपत आलं आणि जे उरलं होतं त्यातनं त्यानं हे सॅलड टेबलापाशी उभं राहून बनवलं अशी गोष्ट सांगतात. इटालियन माणूस, मेक्सिकोचं गाव आणि अमेरिकन गिऱ्हाईक, म्हणजे सॅलडच मुळात सीमाभागातलं. त्यामुळे आपण त्यात ज्वारी घातली म्हणून कुणी नाक मुरडायचं कारण नाही.

त्या मूळ सॅलडात चिकन नव्हतं. अँकोव्ही म्हणजे ती छोटी खारवलेली मासळीही वेगळी घातलेली नव्हती म्हणतात, ती चव वूस्टरशायर सॉसमधनं यायची कारण त्या सॉसमध्ये अँकोव्ही असतेच. रोमेनची लांब पानं अख्खीच, हातानं उचलून खायची. लसूण, तेल, लिंबू, अर्धकच्चं अंडं, किसलेलं चीज, पावाचे कुरकुरीत तुकडे, बास. ह्यातली जागा कुठलीही भरा, पण जागा रिकामी सोडू नका. खास करून खारट-खमंग मुरलेली चव आणि कुरकुरीतपणा, ह्या दोन्हीपैकी एक जरी गेलं तरी ते सीझर राहत नाही, दह्यातली कोशिंबीर होते. कोशिंबीर चांगलीच लागते, पण ती आपण रोज करतोच की.

आता पाला. चार माणसांना एक मध्यम लेट्यूसचा गड्डा घ्या, रोमेन मिळालं तर उत्तम, नाहीतर आईसबर्ग पण चालतंय. त्यात दोन मुठी कवळी मेथी. भाजीची मोठ्या पानांची जून मेथी नको, ती कच्ची कडूजार लागते, बुट्टी घेऊन बसलेल्या अक्काला सांगा कच्ची खायला पाहिजे म्हणून, ती बरोबर बारीक पानांची पेंडी काढून देते. आणि हिवाळ्यात बाजारात पाथरी दिसली तर सोडू नका, आपल्या इथं हक्करकी म्हणूनच मागतात बहुतेक लोक. ही लेट्यूसच्याच कुळातली आहे, देठ मोडला की दोघांतनंही पांढरा चीक येतो आणि तोच तो किंचित कडवटपणा. एक मूठ पुरे, जास्त घातली तर पोरं ताट सरकवतील. लेट्यूस मिळालंच नाही तर कोबीच्या गड्ड्याची आतली पिवळसर पानं हातानं फाडून घ्या, वरची हिरवी जाड पानं भाजीला ठेवा. कोबी चिरू मात्र नका, चिरला की त्याला पाणी सुटतं आणि चायनीजच्या गाडीवरचा वास यायला लागतो.

धुण्याचं काम कंटाळवाणं आहे पण सगळा खेळ तिथंच आहे. मेथीत माती असतेच, नळाखाली नुसती धरून ती जात नाही. मोठ्या परातीत भरपूर पाणी घ्या, पाला बुडवा, हलवा, दोन मिनिटं थांबा म्हणजे माती तळाला बसते, मग पाला वरच्या वर उचलून घ्या, परात तिरकी करून पाणी ओतलं तर माती परत पाल्यावरच येते. तळाला माती दिसायची बंद होईपर्यंत हे करत राहायचं. शेवटच्या पाण्यात बर्फाचे खडे टाकून दहा मिनिटं ठेवा, मरगळलेली पानं ताठ होतात. पावसाळ्यात कच्च्या पाल्याच्या वाटेला मी जात नाही, चिखल असतो, अळ्या असतात, पोट बिघडायची भीती, त्यामुळे हे सॅलड नोव्हेंबर ते फेब्रुवारीचं समजा.

आणि मग वाळवणं. ओल्या पानाला ड्रेसिंग चिकटतच नाही, सगळं तळाला जाऊन बसतं आणि वरनं नुसता पाला चघळत बसायची वेळ येते. सॅलड स्पिनर नसला तरी अडत नाही, जुना सुती पंचा घ्या, त्यात पाला सैल बांधा, अंगणात किंवा बाल्कनीत जाऊन जोरात गरागरा फिरवा, शेजारीपाजारी उभं कुणी नाही एवढं बघा. नंतर दुसऱ्या कोरड्या फडक्यावर पसरून अर्धा तास फॅनखाली, किंवा फडक्यातच गुंडाळून फ्रीजमध्ये. पान हातात धरलं की बोटं कोरडी राहिली पाहिजेत.

पावाच्या तुकड्यांच्या जागी कडक भाकरी. ही आपल्याकडे पॅकेटात मिळते, घरोघरी बायका करून विकतात, भोगीला केलेली तीळ लावलेली बाजरीची उरली असेल तर ती सगळ्यात भारी. दोन भाकऱ्या हातानं मोडा, दहा रुपयाच्या नाण्याएवढे तुकडे, एकसारखे नाही झाले तरी काय बिघडत नाही. तव्यात दोन चमचे शेंगतेल, त्यात लसणाच्या दोन पाकळ्या ठेचून आणि एक संकेश्वरी मिरची तोडून टाका, गॅस एकदम बारीक. लसूण कडेनं सोनेरी व्हायला लागला की लसूण-मिरची बाहेर काढायची, तेलात चव उतरलेली असते, लसूण करपला की सगळं कडू. मग भाकरीचे तुकडे टाकून चार-पाच मिनिटं परतत राहायचं. आधी तेल पिऊन जरा मऊसर वाटतात, घाबरू नका, ताटात पसरून गार होऊ द्या म्हणजे खडखडीत वाजतात. भाकरी ताजी मऊ असेल तर तुकडे करून रात्रभर उघडे ठेवा आणि मग परता, तशीच परतली तर चिवट होते. ज्यांना गव्हाचं चालत नाही त्यांच्यासाठी हे फार सोयीचं पडतंय, ज्वारी-बाजरीत ग्लूटेन नसतं, फक्त ड्रेसिंगमध्ये सॉस घालणार असाल तर त्याचं लेबल वाचा, सोया सॉसमध्ये बहुतेक वेळा गहू असतो.

ड्रेसिंगला अर्धा किलो दही, म्हशीच्या दुधाचं घट्ट असेल तर बेस्ट, फडक्यात बांधून दोन-तीन तास टांगा. त्यातला पाच-सहा मोठे चमचे चक्का घ्यायचा, उरलेला पोरांना साखर घालून द्या. खाली निथळलेलं पाणी टाकू नका, लागणार आहे.

खलबत्त्यात लसणाच्या तीन गावठी पाकळ्या, चिमूटभर मीठ, अगदी गुळगुळीत होईपर्यंत कुटा आणि ठेचल्या ठेचल्या त्यावर अर्धं लिंबू पिळा. लिंबू लगेच पडलं की कच्च्या लसणाचा उग्रपणा बराच कमी होतो, नाहीतर रात्रीपर्यंत तोंडाला वास. आता खारट-खमंग चवीचं बघू. मासे खाणाऱ्यांनी सुकी मांदेली घ्या, ही पण अँकोव्हीच्याच घराण्यातली, आपल्याकडे सुकं मच्छी विकणाऱ्या मावश्यांकडे मिळून जाते. चार-पाच मांदेली, डोकी काढून, कोरड्या तव्यावर कडक होईपर्यंत भाजायच्या आणि लसणातच कुटायच्या. भाजताना खिडकी उघडी ठेवा, खाली कुणी शाकाहारी घरमालक राहत असतील तर विचार करा. ड्रेसिंगमध्ये गेल्यावर मासळीचा वास असा येत नाही, नुसतं काहीतरी भारी लागतंय एवढंच कळतं. शाकाहारी असाल, श्रावण-गुरुवार असेल, तर त्याच्या जागी एक चमचा कारळ्याची चटणी आणि अर्धा चमचा सोया सॉस. कारळ्याचा तो गडद, किंचित कडसर स्वाद इथं फार शोभतो, रंग मात्र राखाडी येतो ते चालवून घ्या. बाजारचा वूस्टरशायर वापरणार असाल तर हिरवा ठिपका बघून घ्या, मूळ सॉस मासळीचा आहे.

अंडं मूळ रेसिपीत एक मिनिट उकळत्या पाण्यात धरून जवळपास कच्चंच घालतात. घरात लहान पोरं, म्हातारी माणसं, गरोदर बाई असेल तर तसं करू नका, साल्मोनेला जंतूंची जोखीम कशाला घ्यायची. दहा मिनिटं उकडलेल्या अंड्याचा फक्त बलक लसणात कुस्करा, तेवढाच दाटपणा येतो. अंडं नकोच असेल तर वगळा, चक्का आपलं काम करतो.

सगळं एका खोलगट भांड्यात काढा, चक्का घाला, एक चमचा मोहरीचा सॉस किंवा ताजी कुटलेली मोहरी, आणि व्हिस्करनं फेटत फेटत तीन मोठे चमचे तेल सोडा, आधी थेंब थेंब मग बारीक धार. ऑलिव्ह असेल तर ऑलिव्ह, मला ह्यात घाण्याचं शेंगतेल जास्त आवडतं पण त्याचा वास दणदणीत असतो म्हणून निम्मं शेंगतेल, निम्मं साधं रिफाइंड घ्या. तेल फुटल्यासारखं दिसलं तर थांबा, चमचाभर गार चक्का वेगळ्या वाटीत घेऊन त्यात हे मिश्रण थोडं थोडं फेटा, जुळून येतं. फार घट्ट झालं की ते निथळलेलं पाणी घालून पातळ करा, चमच्याच्या पाठीला जाड लेप राहील इतपत. भरडलेली मिरी भरपूर. मीठ सगळ्यात शेवटी, चव बघून, कारण मांदेली, चीज, चटणी सगळंच खारट असतं. दही आंबट असेल तर उरलेलं अर्धं लिंबू पिळायच्या आधी पण चाखा.

चीजचं म्हणाल तर खरं पार्मेझान महाग पडतं आणि इटलीतलं अस्सल वासराच्या रेनेटनं, म्हणजे त्याच्या पोटातल्या दूध जमवणाऱ्या रसानं, जमवलेलं असतं, म्हणजे कडक शाकाहारी लोकांना ते चालायचं नाही. आपल्या रोजच्या चीज क्यूबला अर्धा तास फ्रीझरमध्ये टाका आणि किसणीच्या बारीक बाजूनं किसा, तेव्हा त्याचा लगदा होत नाही. दोन क्यूब पुरे. त्यावर खरा मुलामा शेंगाच्या चटणीचा, ती कुटलेली, तेल सुटलेली, लसणाची, दोन मोठे चमचे वरनं भुरभुरायची. पार्मेझानचं दाणेदार खमंगपण जिथं लागतं तिथं ही बरोबर बसते, आणि खरं सांगायचं तर मला आता चीज नसलं तरी चालतंय, चटणी नसली तर नाही चालत.

कालवायचं ते जेवायला बसताना, आधी अजिबात नाही. पानं मोठ्या परातीत घ्या, आधी निम्मंच ड्रेसिंग घाला आणि हातानं, खालून वर असं हलक्या हातानं लावा, प्रत्येक पानाला पातळ थर बसला पाहिजे, पोहायला नको. कमी वाटलं तर अजून. मग चीज, निम्मी भाकरी, परत एकदा हलवा, आणि राहिलेली भाकरी व चटणी अगदी वरनं. पाहुणे यायला उशीर होत असेल तर सगळं वेगवेगळं ठेवा, कालवून ठेवलेलं पंधरा मिनिटांत बसतं, मेथी तर सगळ्यात आधी मान टाकते.

चिकन पाहिजेच असेल तर बोनलेसला हळद, मीठ, मिरी, लिंबू लावून तव्यावर दोन्ही बाजूंनी खरपूस, पाच मिनिटं तसंच ठेवून मग काप करा, गरम गरम पाल्यावर टाकू नका. शाकाहारींना त्याच तव्यावर परतलेलं पनीर किंवा उकडून परतलेली रताळ्याची कापं, बेळगाव तालुक्यातली रताळी असताना दुसरं काय शोधायचं. तो किंचित गोडवा मेथीच्या कडवटपणाला मस्त जुळतो.

ड्रेसिंग उरलं तर काचेच्या बरणीत फ्रीजमध्ये दोन दिवस टिकतं, मांदेली घातलेलं असेल तर दुसऱ्याच दिवशी संपवा. गरम भाकरीला लावून वर कच्चा कांदा घालून खा, किंवा उकडलेल्या बटाट्यात कालवा. कडक भाकरीचे तुकडे मात्र हवाबंद डब्यात आठवडाभर राहतात, म्हणजे पोरांच्या हाती डबा लागला नाही तर.