पक्षीफेरी: टेहळणीपासून बैठकीतल्या यादीपर्यंत

निसर्ग मंडळाची फेरी ठरली की बहुतेक जण आधी गाडी आणि नाश्ता बघतात. सुरुवात टेहळणीने करा. फेरीच्या आदल्या रविवारी, फेरीच्याच वेळेला, दोघांनी जागेवर जाऊन यायचं. दुपारी चार वाजता जाऊन आलेल्याला सकाळचं ऊन कुठून येतं ते कळत नाही, आणि निम्मी फेरी त्यावरच अवलंबून असते.

पुण्याजवळच्या कवडीपाटचं उदाहरण घेऊ. सोलापूर रस्त्यालगत, मुळा-मुठेवरचा जुना बंधारा. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत इथे चक्रवाक, थापट्या, तलवार बदक असे पाहुणे असतात. हळदीकुंकू बदक, शेकाट्या, शराटी, कवड्या धीवर ही घरचीच मंडळी. सकाळी सूर्याकडे तोंड करून उभं राहिलात तर ही सगळी नुसती काळी ठिपकी दिसतात आणि नवीन आलेला माणूस कंटाळतो. म्हणून टेहळणीत ऊन पाठीशी येईल असा थांबा हेरून ठेवा. जलपर्णी किती पसरली आहे तेही बघा. ती दाट असली तर कमळपक्षी आणि जांभळी पाणकोंबडी मिळतील, पण बदकं मोकळं पाणी शोधत पुढे सरकलेली असतात. गाडी कुठे लावायची, बंधाऱ्यावरून पाणी वाहतंय का, जवळचं स्वच्छतागृह कुठल्या पेट्रोल पंपावर आहे, हे लिहून आणा. स्वच्छतागृहाचा प्रश्न विचारायला लोक संकोचतात, तेव्हा निरोपातच सांगून टाका.

जानेवारीत पुण्यात सूर्य सातनंतर उगवतो, मेअखेरीस सहाच्या आत. त्या हिशोबाने थंडीत 6:45 ला जमायचं, 7 ला चालू लागायचं. निरोपात दोन्ही वेळा लिहा. नुसतं ‘सातला भेटू’ म्हटलं की साडेसात होतात. साडेनऊनंतर ऊन तापतं, पाण्यावरची हवा थरथरू लागते, आणि कितीही चांगली दुर्बीण असली तरी चित्र हलतं. दोन-अडीच तासांत दीड किलोमीटर एवढं अंतर पुष्कळ झालं.

एका जाणकारामागे बारा ते पंधरा माणसं, त्याहून जास्त नकोत. वीस झाली की मागच्यांना काही ऐकू जात नाही, ते आपापसात बोलू लागतात आणि पुढचे पक्षी उडतात. नावं जास्त आली तर दोन गट करून अर्ध्या तासाच्या अंतराने सोडा. प्रत्येक गटात एक जण पुढे, एक शेवटी. शेवटच्याने सगळ्यांच्या मागेच राहायचं, फोटोसाठी पुढे धावायचं नाही.

दुर्बीण 8×42 ची घ्या, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी आणि पुढची भिंगं 42 मिलिमीटर रुंद असलेली. 10×50 मध्ये पक्षी मोठा दिसतो, पण हात हलला की चित्रही जास्त हलतं, दिसणारा परिसर आक्रसतो आणि नवख्याला पक्षी सापडतच नाही. निघण्यापूर्वी पाच मिनिटं काढून प्रत्येकाची दुर्बीण जुळवून द्या. आधी मधल्या बिजागरीने दोन नळ्या डोळ्यांच्या अंतराएवढ्या करायच्या, म्हणजे दोन वर्तुळांचं एक होतं. मग उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला स्पष्ट करायचं. त्यानंतर डावा मिटून उजव्या नळीवरची कडी फिरवायची. चष्मा असेल तर डोळ्याशी येणारे रबरी कप आत, नसेल तर बाहेर. ‘मला काहीच दिसत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा एवढ्याने मिटते. दुसरी सवय लावायची ती अशी: नजर पक्ष्यावरून न हलवता दुर्बीण डोळ्यांशी आणायची. खाली बघून दुर्बीण उचलली की पक्षी हरवलाच.

‘तो बघा, तिकडे!’ या वाक्याचा कुणालाच उपयोग नसतो. आधी खूण सांगा, मग घड्याळ: ‘पलीकडची एकटी बाभूळ, तिच्या दहा वाजता, फांदीच्या टोकाला.’ झाडाचा शेंडा म्हणजे बारा.

यादी एकानेच करायची. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवर सुरुवातीची वेळ, लागलेला वेळ आणि चाललेलं अंतर खरं भरा. ती यादी तिथूनच बाकीच्यांना पाठवता येते. प्रत्येकाने स्वतंत्र यादी टाकली तर तेच चक्रवाक बारा वेळा मोजले जातात. मोठा थवा असेल तर आधी दहा पक्षी नीट मोजा, ते किती जागा व्यापतात ते नजरेत बसवा आणि तसे किती गठ्ठे आहेत ते बघा. थवा उडून परत बसला तर नव्याने मोजू नका. आकड्यांत सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. ओळख पटली नाही तर ‘तुतारी पक्षी, नक्की कुठला ते ठरलं नाही’ एवढंच लिहा. अंदाजाने नाव ठोकण्यापेक्षा ते बरं. आणि साळुंक्या, कावळे, पारवे गाळू नका. फक्त दुर्मीळ पक्ष्यांची यादी म्हणजे हौसेची वही, तिच्यावरून पुढच्या वर्षी काहीही ताडून बघता येत नाही.

मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणं आणि घरट्याजवळ थांबणं या दोन गोष्टींना मंडळाने सरळ मनाई करावी. कडेकपारीच्या जागी गेलात तर आग्या मोहोळाचं भान ठेवा. अत्तर, धूर, आरडाओरडा नको. माश्या उठल्याच तर हात न झटकता डोकं-तोंड झाकून लांब पळायचं. साप चावला तर आवळपट्टी बांधू नका, कापू नका. तो अवयव न हलवता 108 ला फोन करा.

महिन्याची बैठक फेरीनंतरच्या आठवड्यात ठेवा, आठवणी ताज्या असतात. पहिली दहा मिनिटं यादीचं वाचन, गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याची यादी शेजारी ठेवून. काय आलं नाही, यावर चांगली चर्चा होते. मग चाळीस मिनिटांचं एकच भाषण. फोटो दाखवायचे तर प्रत्येकी दहा, आणि ते आदल्या दिवशी एकाच लॅपटॉपवर जमा करायचे. पेन ड्राइव्ह बदलण्यात अर्धी संध्याकाळ जाते. खोलीला पडदे आहेत का आणि प्रोजेक्टरची केबल लॅपटॉपला बसते का, हे अर्धा तास आधी बघा. उठण्यापूर्वी पुढच्या फेरीच्या टेहळणीला कोण दोघं जाणार, त्यांची नावं वहीत लिहून घ्या.