दिवसाचा दर आधी, कॅमेरा नंतर

मार्गशीर्षात एका सकाळी साडेसातला माझ्यासोबत व्हिडिओचं काम करणाऱ्या मुलाचा फोन आला. "ताई, डेअरीची पार्टी हाय. दिवसाचा दर विचारायलीय. किती सांगू?" तुझ्या मनात काय आहे, असं विचारलं तर म्हणाला, "गावात दोन हजारात कॅमेऱ्यासकट जात्यात. मी अडीच म्हणतो." अडीचच का, याला त्याच्याकडे एकच उत्तर होतं: दुसरा दोन घेतो म्हणून. आणि त्याच आठवड्यात तो हप्त्यावर नवा कॅमेरा काढणार होता, महिन्याला नऊ हजारांचा हप्ता. म्हणजे महिन्यातले जवळजवळ चार दिवस तो फक्त हप्त्यासाठी राबणार होता.

संध्याकाळी त्याला घरी बोलावलं, चहा ठेवला आणि वही काढायला लावली. त्या वहीत जे लिहिलं, तेच इथे मांडते. मी अकरा वर्षं कोल्हापुरात व्हिडिओचं काम करते. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांच्या फिल्म, डॉक्टरांच्या मुलाखती, हंगामात लग्नं. आकडे माझ्या गावचे, माझ्या घरचे आहेत. तुम्ही पुण्या-मुंबईत असाल तर घरभाडं आणि प्रवास बदला, रीत तीच राहील.

आधी दिवस मोजा

नवीन मुलं महिन्याचे २५ दिवस धरून हिशोब करतात, आणि तिथेच गणित फसतं. भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढा आणि पेन्सिलीने खुणा करा. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत चातुर्मास, लग्नं जवळपास बंद. पौषात आपल्याकडे फारसं कुणी लग्न काढत नाही. पितृपंधरवड्यात दुकानाचं उद्घाटनही होत नाही. कंपन्यांची कामं फेब्रुवारी-मार्चमध्ये एकदम येतात आणि एप्रिलमध्ये एकदम थांबतात. चांगल्या मुहूर्ताला तीन पार्ट्या एकच तारीख मागतात आणि तुम्ही एकच घेऊ शकता. माझ्या अकरा वर्षांत शूटचे दिवस शंभराच्या वर फक्त दोनदा गेले. म्हणून त्याच्या वहीत आम्ही ८० लिहिले. शूटच्या प्रत्येक दिवसामागे एडिटचा एक दिवस, तेही ८०. बाकीचे दिवस भेटी, कोटेशन, बिलांची आठवण करून देणं आणि सामान पुसणं यात जातात. ते दिवस वाया जात नाहीत, पण त्यांचे पैसे कुणी वेगळे देत नाही. ते या १६० दिवसांतूनच निघायला हवेत.

मग वर्षाचा खर्च. घर ४,२०,००० रुपये, म्हणजे महिन्याला ३५,०००. कॅमेरा, लेन्स, लाईट, माइक मिळून ३,६०,०००चं सामान चार वर्षं चालतं असं धरलं, तर झीज वर्षाला ९०,०००. लॅपटॉपची झीज ३०,०००. हार्ड डिस्क, कार्ड, बॅटऱ्या ३०,०००. सॉफ्टवेअर, इंटरनेट, फोन ३६,०००. सामानाचा विमा आणि सर्व्हिसिंग २४,०००. कर, आजारपण आणि पुढच्या वयासाठी बाजूला ९०,०००. बेरीज ७,२०,०००.

शूटच्या दिवसाला ६,००० आणि एडिटच्या दिवसाला ३,००० धरले की ८० दिवसांचे ४,८०,००० आणि ८० दिवसांचे २,४०,००० होतात. बेरीज जुळते. हा तळाचा दर. याच्या खाली गेलात तर घरातले पैसे घालून दुसऱ्याची फिल्म करताय. पार्टीला सांगायचा दर याच्यापेक्षा वीस-पंचवीस टक्के वर हवा, कारण एखादा महिना कोरडा जातोच. मुलाने ७,५०० लिहिले आणि बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसला.

आणखी एक करा: कोटेशनमध्ये माणूस आणि सामान वेगळं दाखवा. सहा हजारांतले साडेचार तुमचे, दीड सामानाचे. "कॅमेरा आमचा आहे, तुम्ही फक्त या" असं कुणी म्हणालं की सामानाची ओळ काढता येते, तुमची मजुरी तशीच राहते. सगळं एकाच आकड्यात बांधलं की असा माणूस सरळ निम्मा दर मागतो.

दिवस म्हणजे किती तास

माझी पहिली कंपनी फिल्म मी "एक दिवस, आठ हजार" असं तोंडी ठरवून घेतली. सकाळी सहाला गेटवर होते, रात्री अकराला बाहेर पडले. दुरुस्त्या अकरा वेळा झाल्या, प्रत्येक वेळी वेगळ्या साहेबांच्या. पैसे सात महिन्यांनी आले, तेही तीन तुकड्यांत. तेव्हा फार राग आला होता. पण मी काहीच लिहून घेतलं नव्हतं, त्यामुळे बोलायला जागाच नव्हती.

तेव्हापासून एक पानभर मजकूर व्हॉट्सअॅपवर आणि मेलवर दोन्हीकडे पाठवते आणि "मान्य" असं उत्तर आल्याशिवाय तारीख धरत नाही. त्यात काय असतं? दिवस दहा तासांचा, जेवणाच्या सुट्टीसह, आणि तो घरातून निघाल्यापासून नाही तर ठरलेल्या वेळी जागेवर पोचल्यापासून सुरू होतो. पुढच्या प्रत्येक तासाला दराचा दहावा भाग. कोल्हापूरबाहेर मुक्काम असेल तर प्रवासाच्या दिवसाला अर्धा दर, राहणं-खाणं पार्टीकडे. दुरुस्त्या दोन वेळा, आणि त्या एकाच माणसाने सगळ्यांच्या गोळा करून द्यायच्या. या एका ओळीने माझे जितके दिवस वाचले, तितके कुठल्याच महागड्या सॉफ्टवेअरने वाचवले नाहीत. निम्मे पैसे आधी. उरलेले, चित्रावर माझं नाव छापलेली कच्ची फाइल पार्टीने बघून झाल्यावर आणि मोठी फाइल देण्याआधी. तारीख आठवडाभर आधी बदलली तर अॅडव्हान्स पुढच्या तारखेला धरते. ४८ तासांच्या आत रद्द झाली तर तो परत नाही, कारण त्या मुहूर्ताची दुसरी पार्टी मी सोडलेली असते.

कंपन्या निम्मे आधी द्यायला कधी कधी तयार नसतात. त्यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारदरबारी नोंद, करून ठेवा. ती मोफत आहे आणि ऑनलाइन होते. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावेत, असं २००६चा एमएसएमईडी कायदा सांगतो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. मी कधी व्याज मागितलेलं नाही, पण बिलावर उद्यम क्रमांक छापायला लागल्यापासून अकाउंट्सवाले फोन उचलतात. उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, आणि नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावायचाही नाही. पार्टीने बिलातून टीडीएस, म्हणजे आपल्या नावाचा कर, कापला की तो आपल्या पॅनवर जमा दिसतो का, हे दर तीन महिन्यांनी बघा.

घासाघीस होणारच. त्यात मी एकच गोष्ट पाळते: दर कमी करत नाही, काम कमी करते. "बजेट पाच हजारच आहे ताई" म्हणाले की मी म्हणते, "मग अर्धा दिवस करू, पाच तास, दोन मुलाखती आणि दोन मिनिटांची फिल्म." लोक याला रागावत नाहीत. दर निम्मा केला की मात्र त्यांना वाटतं, आधीचा दर लबाडीचा होता. सख्ख्या नात्यातलं लग्न असेल तर मी एक रुपया घेत नाही, आहेर म्हणून करते. बाकी ओळखीपाळखीला पूर्ण दर.

सामान: कानापासून सुरुवात

नवीन मुलं कॅमेऱ्यापासून सुरुवात करतात. मी सांगते, आधी माइक घ्या. चित्र थोडं हललं तर बघणारा चालवून घेतो. आवाज कळेना झाला की पुढे सरकतो. कॉलर माइक हनुवटीखाली साधारण एक वीत लावतात, हे सगळ्यांना माहीत असतं. पण समोर साडी नेसलेल्या बाई असतील तर? मंगळसूत्राचे मणी माइकवर घासतात आणि अख्ख्या मुलाखतीत बारीक टिकटिक येते. ती एडिटमध्ये निघत नाही. म्हणून माइक मध्यभागी न लावता पदराच्या काठाला लावा, पदर खांद्यावर पिनने पक्का करा, मंगळसूत्र दुसऱ्या बाजूला सरकवायला त्यांनाच नम्रपणे सांगा आणि पाच वाक्यं बोलायला लावून हेडफोनवर ऐका. रेशमी साडी सळसळत असेल तर माइकखाली मेडिकलच्या दुकानातल्या कागदी टेपची छोटी गुंडाळी ठेवा. खोलीतला पंखा बंद करा. वायरलेस संच घेताना ट्रान्समीटरच्या, म्हणजे बोलणाऱ्याच्या अंगावरच्या डबीच्या, आतच रेकॉर्डिंग होणारा घ्या. भरलेल्या मंगल कार्यालयात शेकडो मोबाइल आणि वायफाय २.४ गिगाहर्ट्झवर बोलत असतात, तुमचा माइकही तिथेच असतो. सिग्नल तुटला तरी आतली फाइल शाबूत राहते.

माइकनंतर लाईट. उजेड मऊ करणारा सॉफ्टबॉक्स लावलेली एक चांगली एलईडी लाईट साध्या कॅमेऱ्याला जितकी वर काढते, तितका नवा कॅमेरा वाईट उजेडाला वर काढत नाही. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवा, नाहीतर हॉलमधल्या ट्यूबा आणि माळा चित्रात लुकलुकतात.

आता कॅमेरा. पहिल्यांदा शिरोलीच्या एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, पोअरिंग शूट केलं, तेव्हा माझ्याकडे सोनीचा ए-सेव्हन-थ्री होता. लॅडल, म्हणजे रस ओतायचं भांडं, तिरपी झाली, १,४०० अंश सेल्सिअसच्या आसपासचा लोखंडाचा रस साच्यात उतरू लागला आणि स्क्रीनवर नुसतं पांढरंफटक. रसाला धरून एक्सपोजर, म्हणजे कॅमेऱ्यात शिरणारा उजेड, खाली आणलं तर ओतणाऱ्या माणसाचा चेहरा काळा. त्याच्या कपाळावरचा घाम, डोळ्यांत पडलेला तांबडा उजेड, जे मला हवं होतं ते सगळं अंधारात. एडिटला तो चेहरा उचलायला गेले तर सावलीत चौकोन चौकोन उमटले, कारण तो कॅमेरा आतल्या कार्डावर ८ बिटच लिहितो, म्हणजे उजेडाच्या आणि रंगाच्या छटा १० बिटपेक्षा कितीतरी कमी. १० बिट कशाला लागतं, हे मला त्या कामगाराच्या चेहऱ्याने शिकवलं. पुढे मी एफएक्स-थर्टी घेतला: १० बिट, दोन कार्डांची सोय, आणि आत पंखा असल्यामुळे भट्टीजवळही तग धरतो.

पण हे माझ्या कामासाठी. तुम्ही दवाखान्यात स्वतःच्या लाईटमध्ये मुलाखती घेत असाल तर जुना ८ बिट कॅमेरा अजून कितीतरी वर्षं पुरेल. लग्नं करत असाल तर १० बिटपेक्षा दोन कार्डांची सोय जास्त महत्त्वाची. अक्षता एकदाच पडतात. दोन्ही कार्डांवर एकदम रेकॉर्ड करा, आणि दोन डिस्कवर कॉपी होऊन उघडून बघेपर्यंत एकही कार्ड फॉरमॅट करू नका. सेकंदाला १४० मेगाबिट लिहिणाऱ्या फोर-के रेकॉर्डिंगला तासाला ६३ जीबी लागतात, म्हणजे १२८ जीबीचं कार्ड दोन तासांत भरतं. कार्ड आणि डिस्कचा खर्च यावरून काढा.

लेन्स एकच घ्या, पण एफ २.८ झूम, म्हणजे कमी उजेडातही चालणारी. फुल फ्रेमवर, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, टॅमरॉनची २८-७५, छोट्या सेन्सरवर टॅमरॉनची १७-७० किंवा सिग्माची १८-५०. फाउंड्रीत काळी वाळू हवेत तरंगत असते, तिथे लेन्स बदलायला कॅमेरा उघडला की सेन्सर गेलाच म्हणा.

बाकी सगळं भाड्याने. कुठली वस्तू किती दिवस आणि किती भाड्याने आणली, हे मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहिते. वर्षाचं भाडं किमतीच्या निम्म्यावर गेलं की विकत. मोठी लाईट मी एका वर्षात २५ दिवस, ८०० रुपयांनी आणली. २०,००० भाड्यात गेले होते, तेव्हा घेऊन टाकली. ७०-२०० लेन्स वर्षाला सहा दिवस लागते, ती अजून भाड्यानेच येते. ड्रोन तर घेऊच नका. परदेशी ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी २०२२पासून बंदी आहे, २५० ग्रॅमच्या वरचा ड्रोन धंद्यासाठी उडवायला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं, आणि गोकुळ शिरगावसारख्या ठिकाणी उजळाईवाडीचं विमानतळ शेजारीच आहे. प्रमाणपत्र असलेला माणूस त्याच्या ड्रोनसकट बोलवा आणि त्याचा खर्च कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत लावा.

जुना कॅमेरा घेताना मूळ बिल आणि त्यावरचा सिरियल नंबर जुळवा. दोन्ही खाचांत कार्ड घालून वीस मिनिटं सलग रेकॉर्ड करा. एचडीएमआयची केबल लावून हलकेच हलवून बघा, बारीक पोर्ट असेल तर तोच आधी ढिला होतो. लेन्स मोबाइलच्या टॉर्चसमोर धरून आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसतं का पाहा. ती बुरशी. आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या पावसात कपाटात बंद ठेवलेल्या लेन्सला ती हमखास धरते. मी घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर ठेवते, काटा ४० ते ५०च्या मध्ये राहील असं बघते. जेल ओलं झालं की तव्यावर मंद आचेवर परतून घेते.

डेअरीला मुलाने ७,५०० सांगितले. पार्टी म्हणाली, जास्त होतात. त्याने अर्धा दिवस सुचवला, ते कबूल झाले, निम्मे पैसे त्याच संध्याकाळी खात्यात आले. कॅमेऱ्याचा हप्ता त्याने काढला नाही. माझा जुना ए-सेव्हन-थ्री तो दिवसाच्या भाड्याने नेतो आणि हप्त्याला जाणार होते त्या पैशातून त्याने आधी माइक घेतला. पाडव्याला मी दरवर्षी वही उघडून दर नव्याने मांडते आणि जुन्या पार्ट्यांना महिनाभर आधी कळवते. या पाडव्याला तोही त्याची वही घेऊन आला होता, शूटच्या ३१ दिवसांच्या नोंदी असलेली.