नाटक-चित्रं बघून माणूस घडतो म्हणतात, पण बघायचं कसं? एक नागपुरी गाइड

कलेने माणूस घडतो असं सगळेच म्हणतात, शाळेच्या गॅदरिंगला आलेला प्रत्येक पाहुणा तर म्हणतोच म्हणतो, पण कसा घडतो हे कोणी सांगत नाही. माझं म्हणणं असं आहे की नुसतं बघून काही होत नाही. काही बघितल्यावर मनात पहिलं जे येतं ना, ते बहुतेक वेळा उसनं असतं, घरच्यांचं, मास्तरांचं, रील्समधलं. ते उसनं संपेपर्यंत तिथून हलायचं नाही. मग जे वाटतं ते आपलं. मेथड एवढीच, खाली फक्त ती करायची कशी ते सांगून राहिलो.

सुरुवात अजबबंगल्यापासून करा. सिव्हिल लाइन्समधलं आपलं मध्यवर्ती संग्रहालय हो, 1863 चं. बहुतेकांनी ते शाळेच्या सहलीत बघितलंय, भुसा भरलेले प्राणी बघितले, डबा खाल्ला, घरी. आता मोठेपणी जा आणि सगळी दालनं फिरायचा नाद सोडा. मूर्तींच्या दालनात जाऊन एकच मूर्ती धरा. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये लोक एका चित्रापुढे किती वेळ थांबतात ते मोजलं होतं, 2001 मध्ये तो अभ्यास छापून आला, सरासरी निघाली 27 सेकंद. तुम्ही वीस मिनिटं थांबा.

वीस मिनिटं म्हणजे लय होतात, हे आधीच सांगतो. पहिली दोन मिनिटं "वा, काय कोरीवकाम आहे" यातच जातात, हे उसनं. मग कंटाळा येतो, कंबर भरून येते, गार्ड आपल्याकडे संशयाने पाहून राहिला असं वाटतं, आणि इथंच बहुतेक लोक पुढच्या मूर्तीकडे सरकतात. सरकू नका. मी जी मूर्ती धरली होती तिचं नाक तुटलेलं, ते तर पहिल्याच नजरेत दिसतं, पण एक गुडघा घासून गुळगुळीत झालेला आहे हे दिसायला बराच वेळ गेला, म्हणजे ही कधीतरी पूजेत होती आणि लोक तिथं हात टेकवत होते. आणि मग आठवली आमची आजी, तिने रोज चिंच लावून घासून घासून देव्हाऱ्यातल्या अन्नपूर्णेचे नाकडोळे पार पुसून टाकले होते. आता मी काही देवभोळा माणूस नाही, चारचौघात तसं सांगतही असतो, तरी माझा हात त्या गुडघ्याकडे जायला लागला होता. (लावला नाही, लावू पण नका, दगड खराब होतो.) काऊन गेला असेल हात? हा प्रश्न घेऊन बाहेर पडलो, आणि असा एखादा प्रश्न हातात आला की चक्कर वसूल झाली समजा.

फोटोचं काय? काढा, पण शेवटी काढा, आणि पूर्ण मूर्तीचा नको, एका बारकाव्याचा काढा. 2014 च्या एका अमेरिकन प्रयोगात म्युझियममधल्या ज्या वस्तूंचे लोकांनी फोटो काढले त्या त्यांना कमी आठवल्या, पण ज्यांनी झूम करून एखादा भाग टिपला त्यांच्या आठवणीला तसा धक्का लागला नाही.

आता वही. साधी दहा-वीस रुपयांची घ्या, मोबाइलच्या नोट्समध्ये लिहू नका, तिथं नोटिफिकेशन येतं आणि खेळ खल्लास. "सुंदर", "भारी", "अप्रतिम" या शब्दांना वहीत बंदी. अंगाला काय झालं ते लिहायचं, म्हणजे घसा दाटला, हसू आलं, उठून जावंसं वाटलं, कोणाला तरी फोन करावासा वाटला, आणि कोणाला तेही लिहायचं. त्या नावातून आपल्याबद्दल बरंच कळतं.

हे अगदीच हवेतलं नाही. 2012 मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांना स्कॅनरमध्ये ठेवून चित्रं दाखवली आणि किती भिडलं त्याचे मार्क द्यायला लावले, तर जी चित्रं सगळ्यात जास्त भिडली फक्त त्याच वेळी मेंदूतलं ते जाळं जागं झालं जे आपण स्वतःविषयी विचार करताना चालू असतं. बरीशी आवडलेल्या चित्रांना तसं झालं नाही. आणि कोणाला कोणतं चित्र भिडलं यात लोकांचं आपसात फारच कमी जुळलं. म्हणून दुसऱ्याची "बघायलाच पाहिजे" वाली यादी घेऊन फिरण्यात फार अर्थ नाही.

जे आवडत नाही तेही बघा, मी तर म्हणतो तेच आधी बघा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, काळी आणि पिवळी, 1880 च्या दशकापासूनची परंपरा, सोबत महागाईपासून भ्रष्टाचारापर्यंत कशाचेही बडगे (टोमणे मारणारे पुतळे) आणि "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत"चा गजर. आमच्या ओळखीतले कितीतरी सुशिक्षित लोक याला नाक मुरडतात, गर्दी, गोंगाट, ट्रॅफिक जाम. ठीक आहे, पण महाल-इतवारीच्या त्या गर्दीत तासभर उभे राहा आणि आपल्याला नेमकं काय खुपतं ते वहीत लिहा. गोंगाट खुपतो की त्या गर्दीतली माणसं आपली वाटत नाहीत हे खुपतं? उत्तर गैरसोयीचं असू शकतं, लिहा तरी.

नाटकाचं गणित वेगळं, तिथं बाजूची माणसं पण लागतात. सुरेश भट सभागृहात एसीत बसून बघा, हरकत नाही, पण एकदा तरी हिवाळ्यात झाडीपट्टीचं, म्हणजे पूर्व विदर्भातल्या जंगलपट्ट्याचं नाटक बघा, वडसा किंवा भंडाऱ्याकडच्या एखाद्या गावात, मंडईच्या (तिकडे गावच्या जत्रेला मंडई म्हणतात) निमित्ताने. रात्री उशिरा पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत चालतं, लोक शाली-ब्लँकेटं गुंडाळून बसलेले, मधेच गाणं, मधेच कॉमेडी, आणि तिसऱ्या अंकात पोरीची पाठवणी आली की ज्यांना पोरगीच नाही ते बाप्येही डोळे पुसतात. नाटक-काव्यातल्या रसांवरच्या आपल्या जुन्या शास्त्रात भट्टनायक आणि अभिनवगुप्त या पंडितांनी हेच मांडलंय, हजारेक वर्षांपूर्वी, की रंगमंचावरचं दुःख ना त्या नटाचं उरतं ना नुसतं माझं, ते सगळ्यांचं होतं म्हणूनच ते झेपतं. घरी ज्या गोष्टीवर रडता येत नाही तिच्यावर तिथं रडून घेता येतं. दुसऱ्या दिवशी वहीत एकच ओळ लिहा, मी काल कोणासाठी रडलो. (रडला नसाल तर तेही लिहा, त्यात लाजायचं काय.)

दीक्षाभूमी मात्र एकट्याने बघू नका. स्तूप सांचीच्या धर्तीवर बांधलाय, पण आतून पोकळ, आत उभं राहिलं की आपलाच आवाज वरून परत येतो. ज्याच्या आजोबांनी 14 ऑक्टोबर 1956 ला इथं धम्मदीक्षा घेतली तो माणूस आणि पहिल्यांदाच आत पाऊल टाकणारा माणूस एकाच घुमटाखाली उभे असतात, पण दोघांना दिसणारा घुमट एक नसतो. म्हणून ज्याचं घराणं तुमच्याहून वेगळं आहे अशा मित्रासोबत जा आणि त्याला आधी बोलू द्या. मधे मधे "हो, आमच्याकडे पण असंच" करू नका, ही आपली लय वाईट सवय आहे.

मग वर्षाने परत जायचं, त्याच मूर्तीपुढे. जुनं पान आधी वाचायचं नाही, आधी वीस मिनिटं, नवीन पान, आणि मगच दोन्ही शेजारी ठेवायची. मूर्ती तीच असते, त्यामुळे जो फरक दिसतो तो कोणाचा हे वेगळं सांगायला नको. कधी कधी काहीच फरक नसतो, त्याचं टेन्शन घेऊ नका, एखादं वर्ष असं जातं.

बाकी किरकोळ: पोट भरून जा, उपाशीपोटी वीस मिनिटं होत नाहीत. लहान पोरांना न्यायचं तर त्यांना पाच मिनिटं पुरे, पण त्यांना विचारा काय दिसलं, त्यांच्याकडे उसनं कमी असतं. अजबबंगला सोमवारी बंद असतो, आणि एप्रिल-मेमध्ये जाणार असाल तर सकाळीच उरकून घ्या, दुपारच्या उन्हात फक्त पंखा कुठाय एवढंच दिसतं.