सी शार्पमध्ये ओओपी कसं शिकायचं? चादरीच्या दुकानाचं बिल लिहून बघा

ओओपी (ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग, म्हणजे डेटा आणि त्याच्यावरचं काम एकत्र बांधून प्रोग्रॅम लिहायची पद्धत) म्हणलं की आपल्याकडं पोरं चार शब्द पाठ करतात. एनकॅप्सुलेशन, इन्हेरिटन्स, पॉलिमॉर्फिझम, ॲबस्ट्रॅक्शन. तोंडी परीक्षेला धडाधड म्हणून दाखवतात आणि कुणी विचारलं की बाबा, यातलं एक तरी तुझ्या प्रोजेक्टमध्ये कशासाठी वापरलंस, तर गप्प. मी पण त्यातलाच होतो. गरज कळली ती सोलापुरात मामाच्या चादरीच्या दुकानासाठी बिलाचा प्रोग्रॅम लिहिताना, आणि तीही आधी सगळी घाण करून ठेवल्यावर. म्हणून इथं उलट्या बाजूनं जाऊ, आधी दुकानातली अडचण, मग उपाय, त्याचं पुस्तकी नाव सगळ्यात शेवटी.

तयारी

सी शार्प ही मायक्रोसॉफ्टची प्रोग्रॅमिंग भाषा, ती डॉट नेट या यंत्रणेवर चालते. डॉट नेटचा एसडीके (प्रोग्रॅम लिहायचं, चालवायचं सामान) मायक्रोसॉफ्टच्या साईटवर फुकट मिळतो, विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हीवर चालतो. सम नंबरची व्हर्जन (६, ८, १०) एलटीएस असतात म्हणजे ३ वर्षं सपोर्ट, त्यातलं सगळ्यात नवीन घ्या. जुन्या पुस्तकात डॉट नेट फ्रेमवर्क ४.८ दिसेल, तो फक्त विंडोजचा, पण आपण जे करणार ते दोन्हीकडं जवळपास तसंच. एडिटर म्हणून व्हीएस कोड बास. चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर अख्खा व्हिज्युअल स्टुडिओ टाकून एप्रिलच्या उकाड्यात त्याचा पंखा ऐकत बसू नका.

रिकामं फोल्डर करा, टर्मिनल उघडा, 'डॉटनेट न्यू कन्सोल' कमांड द्या आणि मग 'डॉटनेट रन'. स्क्रीनवर हॅलोचा मेसेज आला की गाडी चालू. या कमांड आणि खालचे कीवर्ड (भाषेचे ठरलेले शब्द) मी बोलतो तसे लिहिलेत, टाईप करताना ते इंग्रजी स्पेलिंगनंच टाकायचे. क्लासची, व्हेरिएबलची नावं मात्र देवनागरीत ठेवली तरी कंपायलर (तुमचा कोड तपासून भाषांतर करणारा प्रोग्रॅम) घेतो, क्लासचं नाव खरंच 'चादर' ठेवून बघा, शिकताना लै मजा येते (नोकरीच्या ठिकाणी करू नका).

पायरी १: कार्ड वेगळं, चादर वेगळी

क्लास म्हणजे ब्लूप्रिंट, ऑब्जेक्ट म्हणजे घर, हे उदाहरण सगळीकडं असतं. सोलापूरच्या माणसाला त्याची गरजच नाही. एखाद्या चादरीच्या कारखान्यात जाऊन जॅकार्डचा माग बघा. वर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ लटकलेली असते, जिथं भोक तिथला ताण्याचा (उभा) धागा वर उचलला जातो, भोक नाही तिथला खालीच राहतो, आणि त्यातून मोर, फुलं, वेलबुट्टी उमटते. कार्डांची माळ एकच, चादरी पाहिजे तेवढ्या काढा. एकीत लाल बाणा (आडवा धागा) घातला, दुसरीत निळा, डिझाईन तेच. माळ म्हणजे क्लास, मागावरून उतरलेली प्रत्येक चादर म्हणजे ऑब्जेक्ट, आणि तिचा रंग हा तिचा स्वतःचा डेटा. फ्रान्समधल्या जोसेफ मारी जॅकार्डनं हा माग १८०४ च्या सुमाराला काढला, आणि पुढं चार्ल्स बॅबेजनं आपल्या ॲनालिटिकल इंजिनसाठी (कॉम्प्युटरच्या आधीचं गणिती यंत्र) कार्डांची कल्पना तिथूनच उचलली. म्हणजे आपण ओढूनताणून उपमा देत नाहीये, नातं आधीचंच आहे.

तर नवीन फाईल करा, त्यात 'पब्लिक क्लास चादर' लिहा, महिरपी कंसात तीन गोष्टी टाका: रंग (स्ट्रिंग, म्हणजे मजकूर), भाव (डेसिमल, म्हणजे दशांशाचा आकडा), शिल्लक (इंट, म्हणजे पूर्णांक). भावाला डबल हा दशांशाचा दुसरा टाईप वापरू नका. डबलमध्ये ०.१ आणि ०.२ ची बेरीज बरोब्बर ०.३ येत नाही, आणि पैशाच्या हिशोबात असल्या चुका दुकानदाराला रात्री झोपू देत नाहीत.

मग कन्स्ट्रक्टर. क्लासच्याच नावाची मेथड (क्लासनं करायचं काम), रिटर्न टाईप (काम झाल्यावर काय परत द्यायचं ते) नाही, 'न्यू चादर' म्हणलं की ती आपोआप चालते. रंग आणि भाव तिच्यातच मागून घ्या म्हणजे बिनभावाची चादर जन्मालाच येणार नाही.

पायरी २: गल्ल्याला कुलूप

माझ्या पहिल्या प्रोग्रॅममध्ये सगळं पब्लिक होतं, म्हणजे कुठूनही हात लावता येईल असं. बिलाच्या कोडमधून शिल्लक वजा, परतीच्या कोडमधून अधिक, आणि एका रविवारी मामाचा फोन, काय बे, तुझ्या कॉम्प्युटरात निळ्या चादरी उणे तीन दाखवतंय, उणे तीन चादरी कशा असतात जरा मला पण दाखव. शिल्लक कुठं कुठं बदलतेय हे शोधायला अर्धा दिवस गेला, कारण ती पाच ठिकाणी बदलत होती.

उपाय सोपा. शिल्लक प्रॉपर्टी करा, तिचा गेट (वाचणं) पब्लिक, सेट (बदलणं) प्रायव्हेट, म्हणजे फक्त क्लासच्या आतून. बाहेरच्यानं बघावं, हात लावू नये. बदलायची असेल तर 'विक' नावाची मेथड, तिला नग सांगायचे, आणि मेथडच तपासणार की नग शून्यापेक्षा जास्त आहेत ना आणि तेवढा माल आहे ना, नसेल तर एक्सेप्शन (चूक झाल्याचा इशारा) फेकणार. आता शिल्लक बिघडली तर बघायची जागा एकच. यालाच एनकॅप्सुलेशन म्हणतात. सी शार्पमध्ये क्लासच्या आतल्या गोष्टीला काहीच लिहिलं नाही तर ती प्रायव्हेटच धरली जाते, हा डिफॉल्ट मुद्दामच चांगला ठेवलाय, उगाच पब्लिक करत सुटू नका.

कराचं पण असंच. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले तेव्हा ज्यांनी टक्केवारी कोडमध्ये जिथं तिथं आकड्यात लिहून ठेवली होती त्यांनी रात्र जागवली, ज्यांनी एका क्लासमध्ये ठेवली होती त्यांनी चहा पिता पिता बदलली.

पायरी ३: दोन नावं, चादर एकच

हे व्याख्येच्या यादीत नसतं आणि त्यामुळंच सगळ्यात जास्त लोक इथं आपटतात, म्हणून जरा थांबतो.

जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याला (सोलापूरच्या यात्रेला) गर्दी असते, तेवढ्या दिवसांसाठी मामाला भाव कमी ठेवायचे होते. मी काय केलं, 'गड्ड्याची चादर बरोबर नेहमीची चादर' असं लिहिलं, मला वाटलं कॉपी झाली, आणि गड्ड्याच्या चादरीचा भाव कमी केला. यात्रा संपली, जुने भाव बघायला गेलो तर ते पण कमी झालेले! कॉपी झालीच नव्हती. क्लास हा रेफरन्स टाईप आहे, व्हेरिएबलमध्ये चादर नसते, चादर कुठं ठेवलीय तो पत्ता असतो, आणि मी फक्त पत्ता दुसऱ्या चिठ्ठीवर उतरवला होता. चिठ्ठ्या दोन, घर एकच. इंट, डेसिमल, बूल (खरं-खोटं), आणि स्ट्रक्ट म्हणून तुम्ही स्वतः बनवलेले टाईप हे व्हॅल्यू टाईप, त्यांची मात्र खरी कॉपी होते.

हे हातानं करून बघितल्याशिवाय डोक्यात बसत नाही. दोन ओळींचा प्रयोग करा, क्लास ठेवून छापा, मग 'क्लास' शब्दाच्या जागी 'स्ट्रक्ट' टाकून तोच प्रोग्रॅम परत चालवा, आउटपुट बदललेलं दिसेल. आणि खरोखर वेगळी प्रत पाहिजे असेल तर 'न्यू' करून नवीन ऑब्जेक्टच बनवा, नाहीतर सी शार्प ९ पासून आलेला 'रेकॉर्ड' वापरून 'विथ'नं एखादीच गोष्ट बदललेली प्रत काढा.

पायरी ४: टॉवेल आले

दुकानात चादरीसोबत टॉवेल, नॅपकिन असतातच. टॉवेलचा क्लास करताना भाव, शिल्लक, विक सगळं परत कॉपी-पेस्ट होतंय असं दिसलं की थांबा. सामाईक गोष्टी 'माल' नावाच्या क्लासमध्ये न्या, आणि 'क्लास टॉवेल', मग कोलन, मग 'माल' असं लिहा, चादरीचं पण तसंच. टॉवेलला मालाचं सगळं मिळालं. हे इन्हेरिटन्स. 'माल'च्या आधी 'ॲबस्ट्रॅक्ट' लिहा, कारण दुकानात येऊन कुणी 'एक माल द्या' म्हणत नाही, चादर द्या नाहीतर टॉवेल द्या म्हणतात, तसंच कंपायलर मग 'न्यू माल' करूच देत नाही.

आता खड्डा. लग्नात द्यायला एक चादर आणि दोन टॉवेलचा गिफ्ट बॉक्स विकतात. मी तो 'चादर'मधून इन्हेरिट केला, चादर तर आहेच की त्यात. मग शिल्लक कुणाची मोजायची, रंग कुठला, सगळा गोंधळ. प्रश्न असा विचारायचा: बॉक्स ही एक प्रकारची चादर आहे का? नाही, बॉक्सच्या आत चादर आहे. 'आहे' असेल तर इन्हेरिटन्स, 'आत आहे' असेल तर ऑब्जेक्ट आत ठेवायचा, त्याला कंपोझिशन म्हणतात. माझं मत विचाराल तर दहातल्या आठ वेळा कंपोझिशनच बरोबर असतं, इन्हेरिटन्स लोक हौसेखातर जास्त करतात.

पायरी ५: ज्याचा भाव त्यानं काढावा

सुट्टा टॉवेल ९० रुपये, डझन ९६० ला. चादर नगावर. बिलाच्या कोडमध्ये टॉवेल असेल तर असं, चादर असेल तर तसं, अशी इफ-एल्सची शेपटी वाढत जाते. त्यापेक्षा 'माल'मध्ये 'रक्कम' मेथड 'व्हर्च्युअल' करा, तिच्यात नग गुणिले भाव, आणि टॉवेलमध्ये तीच 'ओव्हरराईड' लिहून डझनाचा हिशोब घाला. बिलाकडं फक्त मालाची लिस्ट. ते प्रत्येकाला म्हणतं तुझी रक्कम सांग, आणि जो तो आपापल्या पद्धतीनं सांगतो. पॉलिमॉर्फिझम म्हणून जे घाबरवतात ते एवढंच.

फक्त 'ओव्हरराईड' शब्द विसरू नका. जावामध्ये साधी मेथड आपोआप ओव्हरराईड होऊ शकते, सी शार्पमध्ये दोन्हीकडं स्पष्ट सांगावं लागतं. विसरलात तर प्रोग्रॅम चालतो, कंपायलर पिवळी वॉर्निंग तेवढी देतो, आणि लिस्टमधून हाक मारली की 'माल'चीच मेथड चालते. १५ टॉवेलचे ९६० अधिक २७० म्हणजे १२३० व्हायला पाहिजेत, बिल येतं १३५० चं. गिऱ्हाईक वॉर्निंग देत नाही, थेट भांडतं. वॉर्निंग वाचायची सवय लावून घ्या.

पायरी ६: पैसे कसे देणार

रोख, यूपीआय, उधारी. तिघांचं आतलं कोड एकमेकासारखं अजिबात नाही, उधारीत तर पैसेच येत नाहीत, वहीत नाव चढतं. सामाईक कोड काही नाही, सामाईक आहे ते फक्त काम, म्हणून इथं 'माल'सारखा बेस क्लास नको, इंटरफेस करा, म्हणजे फक्त कामांची यादी. त्यात एकच ओळ, 'जमा कर' मेथड, आत काही नाही. तीन क्लास ती आपापली लिहितील, बिलाला कुठला आहे याच्याशी देणंघेणं नाही, हेच ॲबस्ट्रॅक्शन. सी शार्पमध्ये बेस क्लास एकच घेता येतो, इंटरफेस कितीही. इंटरफेसच्या नावाच्या आधी कॅपिटल आय लावायची पद्धत आहे, पाळा.

पायरी ७: मागचं आवरणारा

तुम्ही लिहिलेलं थेट प्रोसेसरच्या भाषेत जात नाही, आधी आयएल नावाच्या मधल्या भाषेत जातं, मग चालवताना रनटाइम (प्रोग्रॅम चालवणारी यंत्रणा), म्हणजे सीएलआर, त्यातलं लागेल तसं मशीन कोडमध्ये बदलतो, त्याला जेआयटी म्हणतात. हा रनटाइम लक्ष ठेवून असतो म्हणून याला मॅनेज्ड कोड म्हणायचं. ज्या ऑब्जेक्टचा पत्ता आता कुठल्याच चिठ्ठीवर राहिला नाही तो गार्बेज कलेक्टर उचलतो. त्यानं ऑब्जेक्टच्या ०, १, २ अशा तीन पिढ्या केल्यात, नवीन पिढी वारंवार झाडतो, जुनीकडं क्वचित जातो, कारण बहुतेक ऑब्जेक्ट जन्मल्या जन्मल्याच निकामी होतात. तुम्ही मेमरी सोडत बसायची गरज नाही.

पण तो फक्त मेमरी बघतो. उघडी फाईल, डेटाबेसचं कनेक्शन हे तो वेळेवर बंद करील या भरवशावर राहू नका. मी पावत्या फाईलमध्ये लिहून फाईल तशीच सोडायचो, दुसऱ्या बिलाला एरर, फाईल दुसरीकडं वापरात आहे. फाईल उघडताना व्हेरिएबलच्या आधी 'युझिंग' लिहा, ब्लॉक (महिरपी कंसातला तो तुकडा) संपला की ती आपोआप बंद होते, मध्येच एक्सेप्शन आलं तरी.

आता तपासून बघा

सगळं जमलं का याची एकच परीक्षा. नवीन प्रकारचा माल घाला, बिलाच्या क्लासला हात न लावता. मामानं परवा पंढरपुरी घोंगडी ठेवायला सुरुवात केली, मी नवीन क्लास लिहिला, पंधराएक ओळी, बिलाची फाईल उघडली पण नाही आणि रक्कम बरोबर आली. पावतीवर मात्र नाव आलं 'पंढरपुरी घों'. नावाला मी १२ ची मर्यादा घातली होती आणि सी शार्प स्ट्रिंगची लांबी मोजताना काना, वेलांटी, अनुस्वार सगळं वेगळं मोजतो, 'चादर' आपल्याला तीन अक्षरं, त्याला चार. अक्षरं जवळपास आपल्यासारखी मोजायची असतील तर 'स्ट्रिंगइन्फो' नावाचा तयार क्लास आहे. नाव कापायचं काम फक्त पावतीच्या क्लासमध्ये होतं, तिथं तेवढी एक मेथड बदलली, आणि संध्याकाळच्या गिऱ्हाईकाला अख्खी घोंगडी मिळाली.