वारं गेलेला पाय ताठतो तेव्हा मसाज कसा करायचा

बाबांच्या अंगावरून वारं गेलं त्याला आता दोन पावसाळे झाले, उजवा पाय काठीसारखा ताठ, टाच टेकत नाही, बोटं आत वळलेली. आमच्या गुहागरात जो येईल तो सांगायचा जोरात रगडा, मोकळा होईल, आणि आम्ही रगडलाही, पण पाय उलट जास्तच आखडायचा. मग फिजिओने समजावलं की दोष पोटरीत नाही, मेंदूकडून सैल सोडायचा निरोपच नीट पोचत नाही, त्यात स्नायू झटक्यात ताणला की तो अजून आवळतो. म्हणून सगळं हळू. अगदी हळू.

हात लावायच्या आधी दोन्ही पोटऱ्या बघा. एकच सुजलीय, गरम लागतेय, दुखतेय तर मसाज करूच नका, शिरेत रक्ताची गाठ असू शकते आणि ती सुटून फुफ्फुसात गेली तर जिवावर बेततं, सरळ डॉक्टर गाठा.

खोबरेल कोमट चालतं पण ते आपल्या मनगटावर बघायचं, त्या पायाला चटका कळेलच असं नाही.

गुडघ्याखाली उशी देऊन घोट्याकडून वर पूर्ण तळहाताने पाच-सात मिनिटं सावकाश चोळा, थापट्या नकोत. मग उशी काढून गुडघा सरळ ठेवा, टाच तळहातात धरा, तळवा आपल्या हातावर टेकवा आणि टाच खाली ओढत पाऊल नडगीकडे न्या, अर्धा मिनिट धरा, असं तीन-चारदा. नुसती बोटं ढकलू नका. पाय थडथडायला लागला तर जरा सैल करून थांबा. ही पकड फिजिओकडून एकदा समोर करून घ्याच, लिहून कळत नाही. मसाजचा सैलपणा थोडाच वेळ टिकतो, तेवढ्यात टाच टेकवून, आधार देऊन उभं करा, खरा फायदा त्यात आहे.

ताठरपणा कमी करायची बॅक्लोफेनची गोळी चालू असेल तर मनाने एकदम बंद करू नका हां.

आणि एखाद्या दिवशी पाय उगाचच जास्त ताठला तर पोट साफ झालंय का, लघवीला जळजळ आहे का, नख रुतलंय का बघा, कुठेही दुखलं-खुपलं की ताठरपणा वाढतो. बाबांच्या टाचेला नुसती भेग होती, त्यांना सांगताही येत नव्हतं, आईने कोकमतेल वितळवून रोज रात्री लावलं, भेग भरली तसा पायही सैलावला.