सांगलीत गिटारचे सर शोधताना आणि शिकताना

सांगली-मिरजेत गाणं शिकायचं म्हटलं की कुणाकडे जायचं हे शेजारीपाजारीही सांगतात. पेटी, तबला, सतार यांचंही तसंच. गिटारच्या बाबतीत मात्र थोडं शोधावं लागतं. चांगले सर आहेत, पण सगळ्यांनी क्लासचा बोर्ड लावलेला नसतो. कुणी ऑर्केस्ट्रात वाजवतात, कुणी चर्चमध्ये, कुणी दिवसभर नोकरी करून संध्याकाळी घरी दोन-चार जणांना शिकवतात. म्हणून चौकशीची सुरुवात वाद्यांच्या दुकानातून करावी. तारांचा सेट आणि पिक (तारा छेडायची छोटी पट्टी) घ्यायला नेमाने कोण येतं, कोणाचे विद्यार्थी टिकून आहेत, हे दुकानदाराला पक्कं ठाऊक असतं. एकच नाव दोन-तीन ठिकाणी ऐकू आलं तर तिथे आधी फोन करावा.

मी तिशी उलटल्यावर, नोकरी सांभाळून शिकायला लागले. लहानपणी मिरजेत थोडं गाणं शिकले होते, तेवढीच शिदोरी. त्यामुळे हे मोठेपणी सुरुवात करणाऱ्यांसाठी जास्त आहे, पण मुलांना क्लासला घालणाऱ्या आईबाबांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल.

बॅचमध्ये जायचं की एकट्याने शिकायचं, हे आधी ठरवा. बॅचमध्ये फी कमी पडते आणि सोबत मिळते; शाळकरी मुलांना त्या सोबतीचाच हुरूप येतो. पण आठ-दहा जण एकच गाणं एकदम वाजवत असले की तुमची तिसरी तार बोलत नाहीये हे सरांना ऐकू येत नाही. एकट्याच्या तासात तेच पहिल्यांदा ऐकू येतं. मोबाइलवर फुकट धडे हवे तेवढे आहेत आणि त्यातले काही फार सुंदर आहेत. पण त्यातला माणूस तुमचा हात बघत नसतो. माझ्या सरांनी पहिल्याच तासाला अंगठ्याची जागा बदलायला लावली. मी तो गिटारच्या मानेवर वरून टेकवत होते. त्यांनी तो मागच्या बाजूला, साधारण मधल्या बोटासमोर आणायला सांगितला. त्यामुळे बोटं उभी पडायला लागली आणि खालच्या तारेला चिकटून ती दबायची बंद झाली. बोट पडद्यांच्या (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या) मधोमध न दाबता पुढच्या पडद्याच्या अगदी अलीकडे दाबलं की कमी जोर लागतो आणि खरखर जाते, हेही त्यांनी माझं बोट धरून सरकवून दाखवलं. फी द्यायची ती या नजरेची.

म्हणून पहिल्या, म्हणजे डेमोच्या तासाला सर स्वतः किती वाजवतात यापेक्षा ते तुमच्याकडे किती बघतात याकडे लक्ष द्या. तुमची गिटार हातात घेऊन आधी ती सुरात लावतात का? तुम्हाला काय वाजवायचंय ते विचारतात का? गाण्याला साथ करायची, चाल तारेवर काढायची, की पुढे परीक्षा द्यायच्या, या तिन्ही वाटा लवकरच वेगळ्या होतात. तुम्हाला स्वतः गात वाजवायचं असेल तर ते पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा.

गिटार घेण्याची घाई नको. आधी सर ठरवा आणि जमलं तर त्यांनाच दुकानात घेऊन जा. नवख्यांनी गिटार सोडण्याचं मोठं कारण, माझ्या मते, आळस नसून पडद्यांपासून फार उंच असलेल्या तारा हे आहे. बाराव्या पडद्यावर बघा: सगळ्यात जाड तार आणि पडदा यांत अडीच मिलिमीटरच्या आसपास अंतर असावं, बारीक तारेखाली त्याहून थोडं कमी. चार-पाच मिलिमीटर असेल तर ती गिटार कितीही चकचकीत असली तरी घेऊ नका. स्टीलच्या तारांच्या अकूस्टिकवर सगळ्यात बारीक तार ०.०१० किंवा ०.०११ इंच जाडीची असलेला हलका सेट चढवून घ्या. बोटं फारच दुखत असतील तर नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार मऊ लागते, पण तिची मान रुंद असते आणि लहान हाताला ती जड जाते. मुलांसाठी छोट्या मापाची गिटार मिळते. वाढत्या अंगाची म्हणून मोठी घेऊ नका. खांदा वर चढवून वाजवायची सवय लागली तर ती सुटायला फार वेळ लागतो.

आता सुराबद्दल. आपल्या भागातल्या माणसाला इथे एक अडचण हमखास येते आणि ती कुणी आधी सांगत नाही. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून इथले कान तानपुऱ्यावर तयार होत आले आहेत. अशा कानाला गिटारवरचा ई मेजर कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणाऱ्या सुरांचा गट, ऐकला की त्यातला गंधार किंचित चढलेला वाटतो. तो चढलेला असतोच. गिटारचे पडदे सप्तकाचे बारा समान भाग करून बसवलेले असतात. त्या मापात शुद्ध गंधार तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा साधारण १४ सेंट वर पडतो. लगतच्या दोन सुरांमधलं अंतर १०० सेंट धरलं तर चौदा. सतारीचे पडदे सरकवून सूर नेमका करता येतो, गिटारचे पडदे लाकडात ठोकलेले असतात. गाण्याची सवय असलेला विद्यार्थी मग काय करतो, तर ई मेजर गोड लागेपर्यंत बारीककडून तिसरी तार उतरवतो, कारण तो गंधार तिच्यावर असतो. ई मेजर गोड होतो, आणि लगेच पुढे सी किंवा जी धरला की तीच तार बेसूर बोलते. सरांनी हे मला दोन्ही कॉर्ड पाठोपाठ वाजवून ऐकवलं आणि सांगितलं, एका कॉर्डवरून गिटार लावायची नाही. सहाही तारा ट्यूनरवर (सूर बरोबर लागला का ते दाखवणाऱ्या यंत्रावर) लावा, जाडीकडून बारीककडे ई, ए, डी, जी, बी, ई, आणि कानाला या वाद्याची ओळख व्हायला वेळ द्या. त्या दिवसापासून गिटारचा सूर मला खटकायचा थांबला आणि आवडायला लागला. तुमचा कान चांगला आहे म्हणूनच हा त्रास होतोय, हे सांगणारा माणूस जवळ असणं फार मोलाचं आहे.

दुसरी गोष्ट पट्टीची, म्हणजे गाण्याचा सा पेटीच्या कोणत्या पट्टीवर धरायचा त्याची. आपल्याकडे गाणारे ‘माझी काळी चार’ किंवा ‘मी पांढरी एकमध्ये गातो’ असं सांगतात आणि गिटारवाले सी, डी, जी बोलतात. ही जुळवणी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पांढरी एक म्हणजे सी, काळी एक म्हणजे सी शार्प, काळी दोन डी शार्प, काळी तीन एफ शार्प, काळी चार जी शार्प आणि काळी पाच ए शार्प. काळ्या पट्ट्यांचे कॉर्ड नवशिक्याच्या बोटांना कठीण. तिथे कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एका पडद्यावर दाबून धरणारा चिमटा, कामाला येतो. कॅपो पहिल्या पडद्यावर लावून जीचे सोपे आकार धरले की काळी चार मिळते. तिथेच डीचे आकार धरले की काळी दोन, सीचे धरले की काळी एक. काळी तीन हवी असेल तर कॅपो दुसऱ्या पडद्यावर आणि आकार ईचे. एवढ्या भांडवलावर भजनाला किंवा घरातल्या गाण्याला साथ करता येते. पेटीसोबत वाजवायचं असेल तर मात्र ट्यूनर बाजूला ठेवा आणि गिटार पेटीला लावा, कारण पेटीचे सूर जागच्या जागी बदलता येत नाहीत आणि जुन्या पेट्या ट्यूनरच्या ४४० च्या मापाला (ए सूर म्हणजे सेकंदाला ४४० कंपनं) असतीलच असं नाही.

पहिले काही आठवडे बोटांची टोकं दुखतात. पुढे कातडी निबर होते आणि दुखणं थांबतं. मनगट किंवा कोपर दुखत असेल तर ते नेहमीचं समजू नका. वाजवणं थांबवून पुढच्या तासाला सरांना बसण्याची पद्धत दाखवा. सराव रोज वीस मिनिटं. रविवारी सलग दोन तास बसून तो भरून निघत नाही. माझ्यासाठी सगळ्यात जास्त काम केलं ते कॉर्डच्या एकाच बदलाच्या सरावाने: मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) मिनिटाला साठ ठोक्यांवर लावून नुसतं ई मायनर ते सी, सी ते जी. गाणं अजिबात नाही. कंटाळवाणं वाटतं, पण उजवा हात न थांबता डावा हात बदलायला लागला की गाणी आपोआप यायला लागतात. एफ मेजरच्या बारची, म्हणजे एकाच बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबण्याची, आधीच धास्ती घेऊ नका. तोवर बार न लावता छोटा एफ धरून गाणी चालू ठेवता येतात आणि चांगले सर तसंच करतात. तासाची शेवटची पाच मिनिटं मोबाइलवर रेकॉर्ड करू द्याल का, असं सरांना विचारा. बहुतेक जण हो म्हणतात आणि घरी त्याचा फार आधार होतो.

परीक्षा हव्या असतील तर वेस्टर्न गिटारसाठी ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या ग्रेड असतात, इनिशियल आणि पुढे पहिली ते आठवी. त्याची तयारी वेगळी: वाचन, स्केल, ठरावीक तुकडे. सरांनी आधी कुणाला परीक्षेला बसवलंय का, हे विचारून घ्या. नुसती आवड म्हणून शिकणाऱ्याला परीक्षेची गरज नाही.

व्यवहाराचं बोलायला संकोच करू नका. फी महिन्याची की तासाची, सुट्टी पडली तर तास भरून मिळणार का, हे पहिल्या दिवशी ठरवा. ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या सरांचे गणपती, नवरात्र आणि लग्नसराईत तास बुडणार हे गृहीत धरा. तो त्यांच्या कमाईचा काळ असतो. त्या दिवसांसाठी सरावाचं काम आधी मागून घ्या. मुलीला किंवा मुलाला पाठवत असाल तर सुरुवातीचे काही तास स्वतः तिथे बसा. चांगल्या शिक्षकाला त्यात वावगं वाटत नाही. ज्याला वाटतं, तिथे मूल पाठवू नका.

पावसाळ्यात तारा लवकर गंजतात. वाजवून झालं की सुती फडक्याने पुसा आणि गिटार भिंतीला टेकवून न ठेवता कव्हरमध्ये ठेवा. एप्रिल-मेमध्ये ती उन्हात उभ्या केलेल्या गाडीत कधीच ठेवू नका, कारण उष्णतेने ब्रिजखालचा (तारा जिथे अडकवतात त्या पट्टीखालचा) डिंक सुटतो.

काही महिने मनापासून करूनही पुढे सरकत नसाल तर आधी सरांशीच बोला. माझ्या एका मैत्रिणीला तिच्या सरांनी स्वतःच दुसऱ्यांचं नाव सुचवलं, कारण तिला बोटांनी तार छेडायची पद्धत शिकायची होती आणि त्यांचा हात पिकवरचा होता. न सांगता बंद करू नका. सांगली लहान आहे, गिटार शिकवणारे एकमेकांना ओळखतात, आणि तोडून गेलेल्या विद्यार्थ्याची गोष्ट पुढच्या सरांपर्यंत आधी पोहोचते. नवीन ठिकाणी जाताना जुनी वही सोबत न्या. काय झालंय, कुठे अडलंय हे त्यात दिसतं आणि ई मायनरपासून पुन्हा सुरुवात करावी लागत नाही.