या चुका टाळा: डिझेल ट्रकच्या इंजिनाची गळती

ट्रकखाली ऑइलचा डाग दिसला की बहुतेकांचा हात आधी पान्याकडे जातो, आणि गळतीच्या कामात होणारे बरेचसे नुकसान तिथेच सुरू होते. जालना रस्त्यावर मी गेली २२ वर्षे ट्रकच्या इंजिनांचे काम करतो. जालन्याच्या सळया वाहणाऱ्या, लातूरच्या बाजारात सोयाबीन नेणाऱ्या आणि हंगामात ऊस ओढणाऱ्या गाड्या माझ्याकडे येतात. त्यांतल्या कितीतरी गाड्यांचे इंजिन माझ्याकडे येण्यापूर्वीच एकदा विनाकारण उघडलेले असते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे जिथे ऑइल ठिबकते तिथेच गळती आहे असे मानणे. ऑइल वरून खाली उतरते, गाडी धावताना वाऱ्याने मागे सरकते आणि पंख्याच्या झोताने उडून भलत्याच ठिकाणी बसते. फ्लायव्हील हाऊसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या आवरणाच्या) तळाशी दिसणारा थेंब क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, मागच्या सीलमधून आलेला असू शकतो. पण तो टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या) मागच्या कोपऱ्यातून, ऑइल प्रेशर स्विचमधून, टर्बोच्या परतीच्या पाइपमधून किंवा गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलमधूनही आलेला असू शकतो. म्हणून ओल्या भागाचा सर्वांत वरचा आणि सर्वांत पुढचा बिंदू शोधावा लागतो, आणि मळाने माखलेल्या इंजिनावर तो कधीच सापडत नाही.

हा धडा मी एका ऊस वाहतुकीच्या ट्रकवर शिकलो. शिकाऊपण नुकतेच संपले होते आणि गळीत हंगाम ऐन भरात होता. हाऊसिंगखाली ऑइल दिसले, मी मागचे सील गेल्याचे सांगितले, गिअरबॉक्स, क्लच आणि फ्लायव्हील उतरवले आणि नवे सील बसवले. या कामात दोन दिवस गेले. तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला की त्याचे वजन घटते आणि कारखान्यावरचा गाडीचा नंबरही जातो, त्यामुळे मालकाला त्या दोन दिवसांचा दुहेरी फटका बसला. तिसऱ्या दिवशी त्याचा गेवराईहून फोन आला की ऑइल पूर्वीइतकेच गळते आहे. गाडी परत आली तेव्हा मी पुन्हा गिअरबॉक्स उतरवण्याच्या तयारीत होतो. माझ्या उस्तादांनी मला थांबवले आणि आधी इंजिन धुवायला सांगितले. डिझेल आणि ब्रशने मळ काढला, इंजिन धुऊन हवेने कोरडे केले, संशयाच्या सर्व जागांवर टाल्कम पावडर उडवली आणि गाडी गरम होईपर्यंत चालू ठेवली. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात, जिथे पॅकिंग दबून बाहेर सरकले होते, तिथे पांढऱ्या पावडरवर काळी रेघ उमटली. तेथून ऑइल ब्लॉकच्या पाठीवरून थेट हाऊसिंगवर उतरत होते. काम अर्ध्या तासाचे निघाले. सीलची मजुरी मी मालकाला परत केली, आणि त्या दिवसापासून न धुतलेल्या इंजिनाच्या गळतीवर मी मत देत नाही, ड्रायव्हर कितीही घाईत असला तरी.

धुण्याची माझी पद्धत साधी आहे. अल्टरनेटर, सेल्फ (स्टार्टर) आणि हवेचे तोंड प्लास्टिकने बांधतो. बीएस ६ (नव्या प्रदूषण मानकांच्या) गाड्यांच्या सेन्सर आणि वायरिंगच्या जोडांवर पाण्याचा दाबाचा फवारा अजिबात मारत नाही. पावडर टाकल्यावर गाडी आधी आयडलवर पाहतो, मग एक फेरी मारून गरम इंजिन पाहतो आणि पूर्ण थंड झाल्यावर पुन्हा पाहतो, कारण पाण्याच्या काही गळत्या फक्त थंड इंजिनावर दिसतात आणि ऑइलच्या बऱ्याच फक्त गरम इंजिनावर. शोध लागत नसेल तर ऑइलमध्ये यूव्ही डाय (यूव्ही उजेडात चमकणारा रंग) टाकून अंधारात यूव्ही टॉर्चने पाहावे. त्या खर्चाची मला कधी खंत वाटली नाही.

द्रव कोणता आहे हे ओळखल्याशिवाय पुढे जाऊ नये. डिझेल पातळ असते, वासाने कळते आणि जिथून वाहते तिथली माती धुऊन नेते. कूलंट वाळल्यावर पांढरट किंवा रंगीत पापुद्रा सोडते. स्टिअरिंगचे ऑइल बहुधा लालसर असते.

दुसरी चूक एकाच वेळी दोन-तीन सील गळू लागल्यावर ती सगळी बदलण्याची. सगळी सील एकाच आठवड्यात म्हातारी होत नाहीत. इंजिनाच्या पोटात दाब वाढला की तो ऑइलला मिळेल त्या फटीतून बाहेर ढकलतो. म्हणून आधी ब्रीदरचा, म्हणजे तो दाब बाहेर सोडणारा, पाइप काढून तपासावा. आमच्याकडच्या उन्हाळी धुळीत तो चिकट मळाने बंद झालेला अनेकदा सापडतो. ब्रीदर साफ करूनही ऑइल भरण्याच्या तोंडातून जोराचे झोत येत असतील, तर पिस्टनच्या रिंग आणि सिलिंडरच्या लायनरचा प्रश्न आहे, आणि तो नव्या सीलने सुटणार नाही.

सिलिकॉनबद्दल मात्र मला सविस्तर बोलायचे आहे, कारण नव्या मुलांना ट्यूब हाती आली की प्रत्येक पॅकिंगवर ती रिकामी करण्याचा मोह होतो. कव्हर आवळल्यावर जितके सिलिकॉन बाहेर येते तितकेच आत जाते. आतले तुकडे सुटतात, चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत) पडतात आणि स्ट्रेनरवर, म्हणजे ऑइल ओढणाऱ्या नळीच्या जाळीवर, जाऊन बसतात. बीडकडून ओढून आणलेल्या एका गाडीचे चेंबर मी उघडले तेव्हा स्ट्रेनरची जाळी निळ्या सिलिकॉनने जवळजवळ बुजली होती. ऑइलचा दाब पडला, ड्रायव्हरने लाल दिव्याकडे दुर्लक्ष केले आणि क्रँकचे बेअरिंग जळाले. चेंबरची किरकोळ गळती बंद करण्याच्या नादात अख्खे इंजिन खोलावे लागले. मी दोन-तीन मिलिमीटरची एकच धार देतो, ती बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने फिरवतो, आणि तीही कंपनीने जिथे सांगितली आहे तिथेच. त्याआधी दोन्ही पृष्ठभाग खरवडून, पुसून कोरडे करतो. पत्र्याच्या चेंबरची कड बोल्टच्या भोकांपाशी ओढून वाकलेली असेल तर ती सपाट ठोकळ्यावर ठोकून सरळ करतो; वाकलेल्या कडेवर कितीही भारी पॅकिंग लावले तरी ते टिकत नाही. गळते म्हणून बोल्ट आणखी आवळणे हेच ती कड वाकण्याचे कारण असते.

मागचे सील खरोखरच गेले असेल तर क्रँकवर नख फिरवून पाहावे. चर लागत असेल तर नवे सील थोडे पुढे-मागे बसवावे किंवा शाफ्टवर स्लीव्ह चढवावी. पीटीएफई (टेफ्लॉन) लिपचे, म्हणजे शाफ्टला टेकणाऱ्या ओठाचे, सील बसवताना लिप आणि शाफ्ट दोन्ही स्वच्छ व कोरडे हवेत. सवयीने लावलेले ऑइलचे बोट तिथे गळतीला आमंत्रण देते.

वॉटर पंपाच्या खालचे छोटे भोक एम-सीलने बुजवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. ते भोक सील गेल्याची खबर देण्यासाठीच ठेवलेले असते. ते बुजवले की पाणी बेअरिंगमध्ये शिरते आणि पुढे पंपच अडकतो.

बँजो बोल्टचे (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर प्रत्येक वेळी नवे घालावेत. फिल्टर बदलताना जुनी रबरी रिंग बैठकीला चिकटून राहिली नाही ना, हे बोट फिरवून पाहावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये; एप्रिल-मे मधल्या ४२ अंशांच्या दुपारी तर विचारही करू नये. बोअरचे जड पाणी रेडिएटरमध्ये ओतू नये, त्याचा क्षार आत साचतो. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मे-निम्मे वापरावे. काढलेले कूलंट उघड्या ट्रेमध्ये सोडू नये, कारण ते गोडसर असते आणि विषारीही. गॅरेजमधली कुत्री ते पितात.

कॉमन रेल इंजिनात (ज्यात एकाच सामायिक नळीतून सर्व इंजेक्टरना डिझेल जाते) डिझेलचा दाब हजार बारच्या वर जातो. चालू इंजिनाच्या हाय प्रेशर पाइपवर हात फिरवून गळती शोधणे ही जीवघेणी सवय आहे. डोळ्यांना न दिसणारी बारीक धार कातडीतून आत शिरते, बाहेर फक्त टोचल्यासारखी खूण राहते, आणि आतला भाग सडू लागतो. असे घडल्यास दुखत नसले तरी त्याच क्षणी मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रियेसाठी जावे आणि डिझेल आत गेले आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. माझ्याकडे या तपासणीसाठी पुठ्ठ्याचा तुकडा वापरतात, आणि पाइपचा नट सैल करायचा तर इंजिन बंद करून दाब उतरेपर्यंत थांबतात.

दुरुस्तीनंतर मी इंजिन पुन्हा धुतो, ऑइल आणि कूलंटची पातळी वहीत लिहितो आणि गाडी सोडतो. बीडकडे जाणाऱ्या ड्रायव्हरला मी गेवराईला थांबून इंजिन बंद करायला, दहा मिनिटांनी गेज पट्टी पाहायला आणि दुरुस्त केलेल्या जागेचा फोटो पाठवायला सांगतो. तो फोटो पाहिल्यावरच मी मजुरीचे बिल करतो.